जुनी नाव, नवी लाट आणि काठाचा हिशेब

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पदवी हातात पडल्यावर नोकरीची वाट पाहण्यात दोन वर्षे घालवून तो कोकणात गेला होता आणि मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांच्या जलक्रीडेच्या व्यवसायात त्याने तीन हंगाम काम केले होते. आता त्याला गावी परतायचे होते. गाव आपल्याच जिल्ह्यातल्या एका जलाशयाच्या काठी. वडिलांची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन. मामा त्याच जलाशयात मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थेचा सभासद. त्याने माझ्यासमोर वहीचे एक पान ठेवले. किनाऱ्यावर एक जुनी यांत्रिक नाव विक्रीस होती. ती घ्यायची, परदेशात ज्याला ‘वेकसर्फिंग’ म्हणतात त्या खेळाची सामग्री तिला बाहेरून घेऊन बसवायची, नाव जलाशयात आणायची आणि नागपूर-अमरावतीहून येणाऱ्या हौशी मंडळींना तासाप्रमाणे खेळवायचे, अशी त्याची योजना होती. कर्जासाठी वडिलांची जमीन तारण ठेवण्याची तयारी होती. “सर, अर्थशास्त्र तुम्ही शिकवलंत. एवढा हिशेब तेवढा तपासून द्या,” तो म्हणाला.

हिशेबातील बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. तथापि त्या पानावर काही रकाने मुळात आखलेलेच नव्हते. ते रकाने कोणते, हे त्याला समजावून सांगताना माझ्या ध्यानात आले की, हा प्रश्न त्या एका तरुणापुरता मर्यादित नाही. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे येथे २०२४ साली शासनाने जलपर्यटनाचे केंद्र सुरू केले. विदर्भात गोसीखुर्दच्या जलाशयावरही अशाच प्रकल्पाची पायाभरणी त्याच वर्षी झाली. बेंबळा, अरुणावती, पूस, इसापूर या आपल्या जलाशयांकडेही आज ना उद्या कोणाची तरी नजर वळणारच. ती वळण्यापूर्वी या विषयाचा विचार करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

खेळ आणि त्याची यंत्रणा

हा खेळ आपल्याकडे अपरिचित असल्याने आधी त्याचे स्वरूप पाहू. नाव पाणी कापत जाते तेव्हा तिच्या मागे पाण्याला एक वळी पडते. ही वळी पुरेशी उंच असेल, तर लहानशा फळीवर उभा राहिलेला माणूस दोरीचा आधार सोडून केवळ त्या लाटेच्या उतारावर, नावेच्या मागे अवघ्या काही फुटांवर, तोल सांभाळत पुढे जात राहू शकतो. एरवी नाव बांधणारा कारागीर मागची लाट शक्य तितकी लहान राहावी असा प्रयत्न करतो, कारण लाट म्हणजे वाया गेलेले इंधन. या खेळात मात्र नेमके उलट आहे. येथे लाट हाच विकायचा माल आहे.

मोठी लाट निर्माण करण्याचे मार्ग दोन. पहिला मार्ग वजनाचा. नावेत टाक्या किंवा जाड पिशव्या ठेवून त्यांत पंपाने जलाशयाचेच पाणी भरायचे, म्हणजे नाव खोल बसते आणि अधिक पाणी बाजूला सारते. दुसरा मार्ग आकाराचा. नावेच्या मागील टोकाला, एका बाजूस, पाण्याचा प्रवाह क्षणभर अडवणारी पट्टी बसवायची. त्यामुळे दोन्ही बाजूंचे पाणी मागे एकत्र येण्यास विलंब होतो आणि विरुद्ध बाजूची लाट स्वच्छ व उंच राहते. नाव ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ती धड संथ तरंगत नाही आणि धड पाण्यावर उचललीही जात नाही अशा अवघडलेल्या गतीने चालवायची. नव्या खास नावांत ही सारी व्यवस्था कारखान्यातूनच येते. त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या असल्याने जुन्या नावेला पिशव्या, पंप व पट्टी जोडून तोच खेळ थोड्या पैशांत साधण्याची पद्धत रूढ झाली. माझ्या विद्यार्थ्याची योजना हीच होती.

जुन्या सांगाड्यावर नवे ओझे

थोडक्यात भागवण्याच्या या वृत्तीला नाक मुरडण्याचे कारण नाही. जुनी वस्तू टाकून न देता तिच्याकडून काम घेणे हा आपल्या समाजाचा गुणच आहे. शेतातल्या डिझेल इंजिनावर पिठाची गिरणी चालवणारे आणि तीन सायकलींच्या सांगाड्यांतून एक सायकल उभी करणारे कारागीर आपण पाहिले आहेत. परंतु दुरुस्ती आणि रूपांतर यांत एक मूलभूत फरक आहे. दुरुस्तीत वस्तूला तिचे मूळचे काम पुन्हा करता येईल असे केले जाते. रूपांतरात तिच्या गळ्यात असे काम घातले जाते की, ज्यासाठी ती घडवलेलीच नव्हती. दुरुस्तीचा हिशेब कारागिराला अनुभवाने येतो. रूपांतराचा हिशेब पुन्हा मुळापासून मांडावा लागतो.

एक साधे गणित करू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एक हजार लिटरच्या पिशव्या भरल्या की नावेवर एक टन ओझे चढले. सरासरी पासष्ट किलोचा एक माणूस धरला, तर हे पंधरा माणसांचे वजन झाले. म्हणजे दहा जणांसाठी बांधलेल्या नावेत पहिले गिऱ्हाईक पाय ठेवण्यापूर्वीच पंधरा अदृश्य प्रवासी येऊन बसलेले असतात! त्यांना कोणी मोजत नाही, कारण ते तिकीट काढत नाहीत. नावेची कड पाण्यापासून किती उंच उरली, मोटार बंद पडून नाव आडवी झाली तर पाणी आत येईल काय, हे प्रश्न या अदृश्य प्रवाशांमुळे निर्माण होतात. पिशवी अर्धवट भरलेली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण आतले पाणी नाव कलेल त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते.

दुसरी गोष्ट पंख्याची. खेळाडू नावेच्या मागे हाताच्या अंतरावर असतो. ज्या नावेचा पंखा मागील टोकाला बाहेर असतो, त्या नावेमागे हा खेळ खेळणे म्हणजे फिरत्या पात्यापाशी उभे राहणे होय. म्हणूनच पंखा नावेच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला सरकलेला असेल अशाच नावेमागे तो खेळावा, असा जाणकारांचा दंडक आहे. तिसरी गोष्ट धुराची. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो. संथ चालणाऱ्या नावेच्या मागील टोकाशी तो साचतो आणि तेथे खेळणाऱ्याच्या श्वासात जातो. विद्यार्थ्याने पसंत केलेल्या नावेला मोटार होती ती मागे बाहेर लटकवलेली. याचा अर्थ असा की, हिशेब पाहण्याचीही आवश्यकता नव्हती. ती नाव या खेळाला मुळातच निषिद्ध होती. हे त्याला विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि तो सांगेल अशी अपेक्षा करणेही भाबडेपणाचे ठरले असते.

बुडीत खर्चाचा मोह

आता निव्वळ धंद्याच्या बाजूने पाहू. विद्यार्थ्याने वर्षातले तीनशे दिवस, दिवसाला पाच तास, असे पंधराशे तास धरले होते. परंतु आपल्याकडचा जलाशय हा बारमाही सरोवर नव्हे. पावसाळ्यात पुराचे व दरवाजे उघडण्याचे भय. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाणी चांगले. पुढे रब्बीची आवर्तने सुटली की ते झपाट्याने उतरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत शनिवार-रविवार मिळून सुमारे चाळीस दिवस हौशी गिऱ्हाईक येईल. चाळीस दिवसांचे पाच तासांप्रमाणे दोनशे तास झाले. कर्जाचे व्याज, विमा, घसारा आणि नाव ठेवण्याची जागा हा स्थिर खर्च पंधराशे तासांवर विभागण्याऐवजी दोनशे तासांवर विभागला की, दर तासाला तो साडेसातपट होतो. शिवाय वजन लादलेली नाव अवघडलेल्या गतीने चालवताना इंधन अधिक लागते, ते वेगळेच.

यावर त्याचे उत्तर मोठे स्वाभाविक होते. “सर, इसार देऊन झालाय. आता मागं हटलो तर तो बुडेल.” अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही जो नियम शिकवतो, त्याची परीक्षा अशा वेळी होते. जो खर्च होऊन गेला आणि काही केल्या परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयात मोजायचा नसतो. मोजायचे ते एवढेच की, यापुढे घालायचा प्रत्येक रुपया किती घेऊन येईल. पण माणसाचे मन या नियमाला सहजासहजी वश होत नाही. इसार वाचवण्यासाठी नाव, नाव वाचवण्यासाठी सामग्री, सामग्री पेलण्यासाठी नवे इंजिन, अशी ही साखळी वाढत जाते. जुन्या वस्तूचे रूपांतर करणारे बहुतेक जण पहिल्या खर्चाने बुडत नाहीत. तो भरून काढण्यासाठी केलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्चाने बुडतात.

लाट कोणाच्या दारात फुटते?

येथपर्यंतचा हिशेब नाववाल्याचा झाला. तो चुकला तर त्याची झळ त्याला व त्याच्या कुटुंबाला लागेल. निदान चूक करणारा आणि भोगणारा एकच राहील. खरे पाणी मुरते ते पुढच्या रकान्यात. नावेने निर्माण केलेली लाट खेळाडूच्या पायाखालून निघते आणि काठापर्यंत जाते. तिची किंमत कोण देतो?

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खाजगी लाभ आणि सामाजिक परिव्यय यांतील तफावतीचे विवेचन केले. कारखानदार धूर सोडतो, कपडे मात्र शेजाऱ्याचे काळे होतात. धुलाईचा खर्च कारखान्याच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. जलाशयातील लाट हे या तत्त्वाचे अतिशय बोलके उदाहरण आहे. लाटेतील ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची दुप्पट झाली की काठावर बसणारा मार चौपट होतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या जलविज्ञान प्रयोगशाळेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, साधी क्रीडानौका काठापासून २०० फुटांवर असताना जेवढी लाट काठाला देते, तेवढ्यावर यायला या नव्या प्रकारच्या नावेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते. व्हर्माँट राज्याने २०२४ पासून नियमच केला: काठापासून किमान ५०० फूट अंतर, किमान २० फूट खोली आणि सलग ५० एकर पाणी असेल तेथेच हा खेळ. त्याचबरोबर, टाकीत उरलेल्या पाण्यातून एका सरोवराचे उपद्रवी जीव दुसऱ्या सरोवरात जाऊ नयेत म्हणून नावेची स्वच्छता करण्याचेही बंधन घातले. ज्या देशात प्रत्येक हौसेला बाजारात जागा आहे, त्या देशातील लोकांनाही हे नियम करावेसे वाटले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आपल्या जलाशयांच्या काठी कोण असते? तेथे सुटीतली घरे व हिरवळी नसतात. तेथे थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळे टाकणारा भोई असतो. त्याची ‘नाव’ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर असते. साध्या वाऱ्याच्या लाटेला तो सरावलेला असतो. परंतु मागून अकस्मात आलेली एकापाठोपाठ एक अशी उंच लाटांची रांग त्याला उलटवू शकते. त्याने संध्याकाळी लावलेले जाळे सकाळी पंख्यात अडकून फाटले, तर तक्रार कोणाकडे करायची? पाणी जसजसे ओसरते तसतशी मोकळ्या झालेल्या जमिनीत गाळपेर करणारा, काकडी-टरबुजाची डांगरवाडी लावणारा शेतकरी तेथे असतो. ओल्या गाळाची कड लाटेने ढासळली की त्याच्या रोपांच्या ओळी पाण्यात जातात, आणि तोच गाळ जलाशयाच्या तळाशी बसून साठवणक्षमता कमी करतो. तेथे गुरे पाण्यावर आणणारी पोरे असतात, धुणे धुणाऱ्या बाया असतात. यांपैकी एकाचेही नाव त्या वहीच्या पानावर नव्हते. विशेष म्हणजे त्याच्या सख्ख्या मामाचेही नव्हते.

सरकणारा काठ

परदेशी नियम जसेच्या तसे उचलूनही आपले भागणार नाही, याचे कारण आपल्या भूगोलात आहे. तेथील नैसर्गिक सरोवराचा काठ बहुतांशी एका जागी असतो. आपल्या धरणाचा काठ चालतो. ऑक्टोबरात जेथे पाणी होते, तेथून ते मार्चमध्ये कित्येक मीटर, उथळ उताराच्या भागात तर शेकडो मीटर, मागे गेलेले असते. ‘काठापासून पाचशे फूट’ असा फलक लावायचा तर तो दर पंधरवड्याला उपटून पुन्हा रोवावा लागेल. दोन्ही काठांपासून पाचशे फूट, म्हणजे सुमारे दीडशे मीटर, सोडायचे तर तीनशे मीटरहून अरुंद असलेला जलाशयाचा प्रत्येक फाटा बाद होतो. वीस फूट खोलीची अट लावली, तर उन्हाळ्यात धरणाच्या भिंतीलगतचे पाणी तेवढे उरते, आणि तेथे तर कोणालाच जाऊ देता कामा नये. तात्पर्य, आपल्याकडे नियम अंतराचा असून चालणार नाही. तो पाणीपातळीशी बांधलेला असावा लागेल. पातळी अमुक खुणेखाली गेली की खेळ बंद, एवढे सुटसुटीत.

पिण्याच्या पाण्याच्या तलावांबाबत तर चर्चेलाच वाव नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात नळाला किती दिवसांच्या अंतराने पाणी येत होते आणि निळोणा व चापडोह यांच्या तळाकडे शहर कसे डोळे लावून बसले होते, हे आपण विसरलेलो नाही. अशा पाण्यात तळाचा गाळ ढवळणारी, तेल सांडणारी कोणतीही नाव क्षणभरही सोडता कामा नये. ज्या जिल्ह्याने सुधाकरराव नाईकांसारखा, जलसंधारणाच्या कामासाठी आजही आठवला जाणारा मुख्यमंत्री महाराष्ट्राला दिला, त्या जिल्ह्याला हे निराळे सांगण्याची गरज नसावी.

आपला अनुभव काय सांगतो?

कोणी म्हणेल, अद्याप न आलेल्या नावेची एवढी चिंता कशाला? मला दोन गोष्टींची आठवण द्यावीशी वाटते. एक आपल्या किनाऱ्यावरची. मासेमारी नौकांवर जनित्र चढवून त्यावर प्रखर एलईडी दिवे लावण्याची पद्धत निघाली. रात्रीच्या अंधारात त्या झोताकडे मासळी थव्याने ओढली जाते; मोठी येते तशी पिलेही येतात. ज्याने दिवे बसवले त्याला पहिल्या हंगामात भरपूर लाभ झाला. ज्याच्याकडे दिवे घेण्याची ऐपत नव्हती, त्या लहान मच्छीमाराचे जाळे मात्र रिकामे राहू लागले. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली आणि महाराष्ट्राने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात २०२१ साली सुधारणा करून दंडाच्या रकमा लाखांत नेल्या. तरीही तंटे मिटलेले नाहीत. सामग्री बसवून झाल्यानंतर, कर्जे काढून झाल्यानंतर आणि त्यावर कुटुंबे अवलंबून राहिल्यानंतर बंदी घातली की ती राबवणे किती कठीण होते, याचा हा धडा आहे. नियम आधी आला तर तो स्वस्त पडतो.

दुसरी आठवण घरची आहे आणि ती अधिक कटू आहे. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वेळी जी अनेक कारणे चर्चेत आली, त्यांत औषधाचे अतिशय बारीक तुषार उडवणारे नवे पंप हेही एक होते. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल, आणि पाठीवर नवे यंत्र. पंप विकणाऱ्याला त्याची किंमत मिळाली, औषध विकणाऱ्याला मिळाली, शेतमालकाचे काम लवकर झाले. उरलेली किंमत मजुराच्या फुफ्फुसांनी दिली. यंत्र नवे आले, पण त्याबरोबर यायला हवे होते ते संरक्षण, प्रशिक्षण आणि तपासणी मागेच राहिली. नावेची गोष्ट कपाशीच्या गोष्टीहून फार निराळी आहे असे मला वाटत नाही.

पाण्यावरच्या दुर्घटनांची यादीही लहान नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. हीच वर्धा पुढे आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात नाव उलटून सहा जणांचा अंत झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका घारापुरीला निघालेल्या प्रवासी नौकेवर आदळली आणि दहाहून अधिक जीव गेले. प्रत्येक घटनेचे कारण वेगळे आहे, हे मी जाणतो. पण प्रत्येक वेळी चौकशी नंतर झाली, अंगरक्षक जाकिटे नंतर आली आणि नियमांची उजळणीही नंतरच झाली.

मग करावे काय?

तरुणांनी धंदाच करू नये, असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. ज्या जिल्ह्यात पदवीधराला शहराची वाट धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही, तेथे गावी परतू पाहणाऱ्या मुलाला केवळ ‘नको’ म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ निरुपयोगी समजावा. प्रश्न एवढाच आहे की, त्याच्या उद्योगाची सारी किंमत त्याच्या वहीत उतरली पाहिजे.

त्यासाठी माझ्या मते चार गोष्टी कराव्यात. पहिली, १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय नौका अधिनियमात यांत्रिक नौकांची नोंदणी व तपासणी यांची तरतूद असून, नौका बांधण्यापूर्वी वा तिच्यात फेरफार करण्यापूर्वी आराखड्याला मान्यता घेण्याचे तत्त्व त्यात आहे. ते आपल्या जलाशयांवर प्रत्यक्षात उतरावे. आज अडचण अशी की, नौकेची परीक्षा जाणणारे लोक समुद्रकिनारी आणि आपली नाव तेथून सुमारे सातशे किलोमीटर दूर. विदर्भासाठी निदान हंगामापूर्वी एकदा फिरते तपासणी पथक यावे, आणि वजन वा इंजिन वाढवलेली नाव नवीच नाव समजून तपासली जावी. दुसरी, पिण्याच्या पाण्याचे तलाव पूर्णपणे वगळावेत आणि अन्य जलाशयांवर पातळीशी बांधलेली मर्यादा ठरवावी. तिसरी, मोठी लाट विकणाऱ्याने लाटेचे मोल द्यावे. परवाना शुल्काचा ठरावीक वाटा काठाच्या मजबुतीसाठी आणि फाटलेल्या जाळ्यांच्या भरपाईसाठी राखून ठेवावा.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जलाशयातील मासेमारीचा ठेका जिच्याकडे आहे त्या सहकारी संस्थेच्या संमतीवाचून आणि सहभागावाचून कोणालाही परवाना मिळू नये. सामायिक साधनसंपत्ती एक तर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खाजगी मालकाला द्यावी, नाही तर तिचा नाश ठरलेला, असे मानण्याचा एक काळ होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशीची कुरणे, मत्स्यक्षेत्रे आणि पाटबंधारे अभ्यासून दाखवून दिले की, वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले, स्वतः राखलेले नियम अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. या कार्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोणत्या फाट्यात मासळी अंडी घालते, कोठे बुडालेली झाडे आहेत, दुपारी वारा कोणत्या दिशेने फिरतो, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस मुंबईच्या कार्यालयात बसत नाही. तो तराफ्यावर बसतो. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, तेव्हा हेलिकॉप्टर मागवण्याची वेळ आली होती. गावोगावचे भोई तरुण चांगल्या, तपासलेल्या नावा चालवण्यात तयार झाले, तर त्याच नावा एरवी पर्यटकांच्या आणि पुराच्या वेळी गावाच्या कामी येतील. या लाभाचा रकानाही हिशेबात असला पाहिजे.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले की, इसार गेला असे समज, जमिनीचा सातबारा मात्र मोकळा ठेव, आणि पुन्हा हिशेब मांडशील तो मामाशेजारी बसून मांड. तो नाराज होऊन गेला. पावसाळा सरता सरता तो पुन्हा आला, या वेळी मामाला घेऊन. नव्या पानावर लाटेचा खेळ नव्हता. संस्थेच्या नावावर घ्यायची, रुंद बुडाची, संथ चालणारी एक प्रवासी नाव होती. वीस जाकिटांची किंमत पहिल्याच ओळीत होती आणि नफ्याचा आकडा पूर्वीच्या मानाने बराच लहान होता. मामांनी पान माझ्यापुढे सरकवले आणि विचारले, “गुरुजी, मे महिन्यात पाणी कुठवर उतरतं ते मी याला दाखवलंय. आता तरी जमते का पाहा.” हे पान मी अद्याप तपासतो आहे. कर्ज देणारी बँक आणि परवाना देणारे खाते त्याच काळजीने ते तपासतील काय, हा प्रश्न मात्र माझ्या अखत्यारीतला नाही. तो आपणा सर्वांचा आहे.